नीलिमाताईंचे लॉर्ड्स

नीलिमाताई गेल्याचं मला त्यांच्या मुलानं, रोहननं कळवलं. मी शॉमबर्गच्या ऑफिसात होते. "मावशी... आई इज गॉन," एवढंच तो म्हणाला. मागे त्याचे वडील, अरविंदराव, कुणाला तरी दार उघडून "या" म्हणत होते. बाप-लेक एका घरात आहेत, हे त्या क्षणीही मला जाणवलं आणि रडू फुटलं.

लग्न होऊन नागपूरहून वॉशिंग्टनजवळच्या हर्नडनला आले, तेव्हा नीलिमाताई शेजारी राहायच्या. पुण्यात इतिहासात एम.ए. झालेल्या, इथल्या कॉलेजात शिकवणाऱ्या. त्यांचा जीव मात्र अडकलेला सतराव्या शतकातल्या इंग्लंडात, तिथल्या पार्लमेंटात बसणाऱ्या उमरावांमध्ये. मराठी मंडळात लोक हसायचे, "शिवाजी महाराज सोडून गोऱ्यांचं काय घेऊन बसलात?" ताईही हसायच्या. आठवड्यातून एकदा वॉशिंग्टनच्या लायब्ररीत जायच्या आणि परतल्या की माझ्या किचनमध्ये बसून सांगत राहायच्या. कोण कुणाचा व्याही, कोण सभागृहात वरच्या जागेसाठी रुसला, गावी जाताना कुणी आपलं मत, म्हणजे प्रॉक्सी, कुणाकडे सोपवलं... "अगं, कायदे नंतर वाच. आधी कोण कुणाकडे जेवलं ते बघ," म्हणायच्या. ऐकताना वाटे, हे सगळे लॉर्ड आपल्याच मंडळाच्या कमिटीवर आहेत.

मग इथल्या निवडणुकीच्या वर्षी त्यांच्याच टेबलावर भांडण झालं. थँक्सगिव्हिंगचं जेवण; मी तोवर शॉमबर्गला राहायला गेले होते, पण त्या दिवशी मीही होते. अरविंदराव एका बाजूचे, रोहन दुसऱ्या. आवाज चढत गेले. "या देशानं तुला सगळं दिलं, आणि तू त्यालाच नावं ठेवतोस?" अरविंदराव म्हणाले. रोहन उठला. "बाबा, देन आय कान्ट सिट हिअर." त्याच संध्याकाळी तो दूर अल्फारेटाला, आपल्या घरी निघून गेला. आईला फोन करायचा. वडिलांचं नाव काढायचा नाही. अरविंदरावही तसेच. दोन वर्षं.

ताई तेव्हा या लॉर्डांवरच्या आपल्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लिहीत होत्या. राजा आणि पार्लमेंट यांचं युद्ध पेटलं तेव्हा एका घराण्यातला बाप राजाकडून उभा राहिला, मुलगा पार्लमेंटकडून. लिखाण अडलं होतं. "दोघांची भाषणं सापडतात गं," एकदा फोनवर म्हणाल्या, "पण त्या घरातल्या बाईनं काय केलं, ते कुणी लिहूनच ठेवलं नाही."

पुढे त्यांचं आजारपण निघालं. रोहनला सांगा, तो धावत येईल, असं मी म्हटलं. "येईल. बापाशी न बोलता माझ्या उशाशी बसेल आणि मी गेले की परत जाईल. मला ते नकोय." मग म्हणाल्या, "भांडलेल्या लॉर्डांना कुणी समजूत घालून एकत्र आणलं नाही कधी. पण एखादा रस्ता बांधायच्या, एखादी दलदल उपसायच्या कमिटीवर दोघांना नेमलं की बसायचे बिचारे शेजारी."

आजारपण त्यांनी रोहनला सांगितलंच, पण सोबत कामही सांगितलं. माझं इंग्रजी जुनं झालंय, तू प्रकरण एडिट कर. रोहन येऊन राहिला. अरविंदरावांना म्हणाल्या, डोळे थकलेत, तुम्ही मला वाचून दाखवा. रोज दुपारी त्यांच्या पलंगाच्या एका बाजूला नवरा वाचत बसे, दुसऱ्या बाजूला मुलगा लॅपटॉप घेऊन. सुरुवातीला दोघंही फक्त ताईंशीच बोलत. मग एका वाक्यावर अरविंदराव अडले. "हा प्रॉक्सी शब्द इथे बरोबर आहे का रे?" त्यांनी थेट रोहनला विचारलं. ताईंनी डोळे मिटून घेतले होते. झोपल्या नव्हत्या, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. फोनवर इतक्या खुशीत मी त्यांना फार दिवसांनी ऐकलं होतं...

प्रकरण पुरं व्हायच्या आत त्या गेल्या.

मागच्या शनिवारी हर्नडनला गेले होते. दार अरविंदरावांनी उघडलं, चष्मा कपाळावर, हातात ताईंच्या प्रकरणाचे कागद. रोहन पुन्हा अल्फारेटाहून आला होता. ताईंच्या खोलीत दोघं समोरासमोर बसले. मला चहा द्यायचंही त्यांना सुचलं नाही. युद्धाला खरा जबाबदार कोण, राजा की पार्लमेंट, यावर त्यांचं जुंपलं होतं.

"बाबा, यू आर सो राँग."

"असेन," अरविंदराव म्हणाले. "पुढे वाच."