बाळंतिणीचं पाणी

वॉर्डात समोरच्या कॉटवरची पोर कालच बाळंत झालेली. कानाला स्कार्फ, कुशीत बाळ आणि नजर पाण्याच्या बाटलीवर. बाटली तिच्या सासूने स्वतःच्या पायाशी ठेवलेली. "घोटभरच हं, पोट सुटेल," सासू म्हणाली.

माझ्याच घशाला कोरड पडली. माझी मुलगी झाली तेव्हा भर उन्हाळ्यात मलाही अर्धाच पेला मिळायचा, तोही कोमट. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं; सासूबाईंनी तांब्याच खोलीबाहेर नेऊन ठेवला. लघवीला आग व्हायची, पोर दुधासाठी टाहो फोडायची आणि त्या आल्यागेल्याला सांगायच्या, "हिला दूधच नाही." बाळंतपणाच्या कळा बाई विसरते म्हणतात. विसरत असेल. तहान मात्र अंगात मुरून राहते, आणि मी तर ती जपूनच ठेवली होती.

आता त्याच सासूबाई कॉटवर होत्या आणि मी त्यांच्या उशाशी. गर्भपिशवीचं ऑपरेशन परवाच झालेलं. "पाणी दे गं," त्या म्हणाल्या.

मी पेला काठोकाठ भरला आणि समोरच्या पोरीला नेऊन दिला. "पी सगळं. दूध त्यानेच येतं." तिने एका दमात संपवला. तिची सासू नुसती "अहो, अहो" करत राहिली.

सासूबाई सगळं बघत होत्या. मग मी त्यांचा पेला भरला. अर्धाच.

"एवढंसंच?"

"पोट सुटेल," मी म्हटलं.