तिसऱ्या मजल्यावरून खाली

आमच्या गल्लीच्या रहिवासी संघाची सभा रविवारी सकाळी समोरच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये भरते. स्कुटी बाजूला सरकवायच्या, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या आणि दर वेळी तेच रडगाणं गायचं: पाण्याला प्रेशर नाही, कुत्री फार झालीत, बुवापाड्याकडच्या वळणावरचा कचरा उचलत नाहीत, संध्याकाळी कंपन्यांच्या बाजूने वास येतो. शेवटी कोणीतरी विचारतं, "मग यासाठी वेळ कोण देणार?" तेवढ्यात सगळ्यांना घरी गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं.

मी अंबरनाथ पश्चिमेला लग्न होऊन आले तेव्हापासून हे बघते आहे. त्यामुळे जो माणूस घाई न करता बसून राहतो आणि "मी देतो वेळ" म्हणतो, त्याच्याकडे मी जरा रोखूनच बघते. फुकट कोणी काही करत नसतं. मागे गल्लीत डोळ्यांचं मोफत शिबिर झालं. चष्मे मिळाले, पण प्रत्येक डबीवर वॉर्डातल्या एका पुढारी भाऊंचा हात जोडलेला फोटो. माझ्या डबीवरचा फोटो मी खरवडून काढला, चष्मा मात्र वापरते. चष्म्याने काय घोडं मारलंय?

तर अशाच एका सभेत पुढच्या बिल्डिंगमधले शेठ उभे राहिले. सिंधी गृहस्थ. उल्हासनगरात त्यांचं फर्निचरचं दुकान आहे, आणि आमच्या गल्लीत ते दोनेक वर्षांपूर्वीच राहायला आले. म्हणाले, "इथे कोणाकडे लिफ्ट नाही. वरती म्हातारे, बिमार लोक अडकलेत. मी एक खुर्ची बनवतो, मजबूत, मागे-पुढे पकडायला दांडे. तीन जण पाहिजेत. ज्याला खाली यायचंय त्याला आणू, परत सोडू. पैसा-बैसा काही नाही."

पार्किंगमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कारण गल्लीत सगळ्यात जास्त अडकलेला माणूस माझ्या घरात होता.

आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन काही महिने झाले होते. उजवा हात गेला, उजवा पाय ओढावा लागायचा आणि जीभ जड झाली. बोलायला लागले की लोक समजल्यासारखी मान डोलवायचे आणि माझ्याकडे बघायचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पाय सुधारायचा असेल तर आत्ताच, उल्हासनगरच्या फिजिओथेरपी सेंटरला नेऊन व्यायाम करायला हवेत. घरी मी मालिश करून भागणार नाही. उशीर झाला तर पाय आहे तसाच आखडून राहील. पण तिसऱ्या मजल्यावरून उतरवायचं कसं? दोनदा भाड्याची माणसं आणली. त्यांनी ह्यांना असं उतरवलं की हे घरी आल्यावर रडले. त्यानंतर जायचं नावच काढेनात.

त्यामुळे मी हो म्हटलं. पण मनात म्हटलं, बाई, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

खुर्ची आली तेव्हा मी ती उलटी करून पाहिली. दुकानाचं नाव, फोन नंबर, स्टिकर, काहीच नव्हतं. याने तर माझा संशय आणखी वाढला. जाहिरातसुद्धा करायची नाही म्हणजे माणसाला याहून मोठं काहीतरी हवंय. शेजारच्या वहिनींना मी तसं म्हणालेही. त्या म्हणाल्या, "तुम्हाला देव भेटला तरी तुम्ही त्याचं आधार कार्ड मागाल."

"मागायलाच पाहिजे," मी म्हटलं. "हल्ली कोणीही येतं."

पथक तिघांचं. मागचे दांडे शेठ धरायचे. पुढे खालच्या बाजूला चामटोलीचा एक दादा, आमच्याच गल्लीत भाड्याने राहतो, गावाला अजून भातशेती आहे. तो उलटा उतरायचा आणि खुर्चीचा सगळा भार छातीवर घ्यायचा. तिसरे एक निवृत्त मास्तर, ते पाय ठेवायच्या फळीला हात लावून बाजूने चालायचे आणि "वळण, वळण, भिंत सांभाळा" असं ओरडायचे. पहिल्या दिवशी मी जिन्यात मध्येच हात घालायला लागले तेव्हा दादा म्हणाला, "काकी, तुमी नका घाबरू. भाताची पोती उतरवतो आमी. काका तं बोलतात तरी, पोतं कुठं बोलतं?"

त्यावर हे हसले. वाकडं, एका बाजूने, पण हसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. तरी रिक्षात बसताना मी मागे वळून बघितलंच, शेठ कोणाकडून फोटो काढून घेतायत का ते. नव्हते काढत. रुमालाने मान पुसत उभे होते.

मंगळवार आणि शनिवार असं सुरू झालं. पाय थोडा थोडा ऐकायला लागला. हे सकाळपासून शर्ट घालून तयार बसायचे. मी मात्र वाट बघत होते. निवडणुकीचे वारे वाहायला लागले होते, आणि आमच्याकडे निवडणूक जवळ आली की गटारं साफ होतात आणि अनोळखी माणसं आपल्या तब्येतीची चौकशी करतात.

एका शनिवारी सकाळी दूध आणायला खाली उतरले आणि वळणावर पाहिलं तर फ्लेक्स. शेठचा फोटो, हात जोडलेले, मागे उगवता सूर्य, आणि खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत अक्षरं: आमचे लाडके, भावी नगरसेवक.

सांगते, मला आनंद झाला. आपलं बरोबर निघाल्याचा आनंद वाईट असतो, पण असतो. दुधाची पिशवी घेऊन मी तिथेच उभी राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. वहिनींना तर हाताला धरून आणलं. "बघा. मी म्हणत नव्हते?"

शेठ खुर्ची घेऊन वर आले तेव्हा मी दारातच उभी होते. म्हटलं, "निवडणूक झाल्यावर पण येणार का खुर्ची, की तोपर्यंतच? आमच्या माणसाला वर-खाली करून मतं मागायची असतील तर आम्हाला नको. आम्ही आमचं बघू."

मास्तर जिन्यातच थांबले. दादाने खाली बघितलं. शेठचा चेहरा पडला. म्हणाले, "भाभी, कसम से, मला माहीत नाही कोणी लावला. मी पण आत्ताच बघितला." मी म्हटलं, "सगळे हेच म्हणतात." त्यांनी वाद घातला नाही. "ठीक आहे भाभी," म्हणाले आणि खुर्ची घेऊन उतरले. आतून ह्यांचा काहीतरी आवाज आला. टीव्हीवर ओरडतायत असं मला वाटलं.

फ्लेक्स त्यांनी स्वतः स्टुलावर चढून काढला. पण नंतर कळलं की तोवर त्या चष्म्याच्या डबीवरच्या भाऊंची माणसं त्यांच्या दुकानात जाऊन आली होती. चहा प्यायली, दोन-चार सोफ्यांवर बसून बघितलं आणि जाताना "उभे राहताय म्हणे?" एवढंच विचारून गेली. आमच्या भागात एवढं पुरतं. शेठने संघाला सांगून टाकलं, मला यातून माफ करा. पथक बंद पडलं आणि खुर्ची समोरच्या जिन्याखाली सायकलींच्या मागे गेली.

मंगळवार गेला, शनिवार गेला. हे शर्ट घालेनात. मी पायाला तेल लावायला बसले की भिंतीकडे तोंड करायचे. गुडघा पुन्हा कडक व्हायला लागला, माझ्या बोटांना कळत होतं. मी चिडले, समजावलं, स्वतः जेवण सोडून बघितलं. मला वाटलं खुर्ची बंद झाली म्हणून रुसलेत. तसे होतेच, पण तेवढंच नव्हतं.

एका दुपारी ह्यांचा फोन वाजला. हे झोपले होते, मी उचलला. फ्लेक्सवाला होता. हा माणूस आम्हाला जुना. मंडळाचे गणपतीचे बॅनर वर्षानुवर्षं हेच त्याच्याकडून करून आणायचे.

"काकी, काका बरे आहेत ना? बॅनर आवडला का विचारायचं होतं."

"कुठला बॅनर?"

"शेठचा. काकांनी फोटो पाठवलेला ना. खाली फक्त 'धन्यवाद' लिहिलेलं. मी म्हटलं नुसत्या आभाराचा बॅनर असतो का कधी? लोक हसतील. मग आपलं नेहमीचं मॅटर टाकलं, जोडलेले हात, सूर्य-बिर्य. त्याचे एक्स्ट्रा नाही घेतले."

मी फोन ठेवला. हे जागे होते, माझ्याकडेच बघत होते.

"तुम्ही लावलात?"

त्यांनी मान हलवली.

"अहो, मग तोंडाने सांगायचं ना त्यांना! आठवड्यातून दोनदा तर भेटत होते."

खूप वेळ लागला त्यांना. एकेक शब्द ढकलून बाहेर काढावा लागत होता आणि मी मध्येच पूर्ण करायला गेले तर डाव्या हाताने मला थांबवत होते. "सांगितलं. दर... वेळी. ते... मान... हलवतात." मग बराच वेळ थांबून, "कळत... नाही कोणाला."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. नळाला पाणी नव्हतं. ज्या माणसाने या गल्लीत आयुष्यभर माइकवरून आरतीची वेळ सांगितली त्याला एका शब्दासाठी फ्लेक्स लावावा लागला, आणि तो शब्दसुद्धा त्यावर नव्हता. त्या दिवशी दारात मी बोलत असताना आतून आलेला आवाज कसला होता ते मला तेव्हा कळलं. मला फार रडू आलं.

माझं चुकलं असं मात्र मी अजून म्हणत नाही. हात जोडलेला फोटो, उगवता सूर्य आणि भावी नगरसेवक, यावर ज्याला संशय येत नाही तो माणूस आमच्याकडचा नव्हे.

पुढच्या रविवारी मी सभेला गेले. पाणी झालं, कुत्री झाली, कचरा झाला. शेठ मागच्या रांगेत फोन बघत बसले होते. शेवटी नेहमीचा प्रश्न आला, आणि घरी गॅसवर ठेवलेल्या भाज्या लोकांना आठवायच्या आत मी उभी राहिले. बॅनर कोणी लावला, का लावला, सगळं सगळ्यांसमोर सांगितलं. शेठ शब्द न शब्द ऐकून घेत होते, त्यांनी मान हलवली नाही. मग मी म्हटलं, "खुर्ची पुन्हा सुरू करा. मास्तरांचे गुडघे दुखतात असं ते म्हणत होते. त्यांच्या जागी मी येते. फक्त आमच्या घरापुरती नाही, ज्याला लागेल त्याला."

शेठने फोन खिशात टाकला. आणि मग पुढच्या खुर्चीवरून वहिनी, ज्यांच्याकडे मी वीस वर्षं विरजण मागायला जाते त्या वहिनी, वळून म्हणाल्या, "का हो, उभ्या राहताय का? आपला वॉर्ड या वेळी महिला राखीव आहे म्हणतात."

कोणी हसलं नाही. सगळे उत्तराची वाट बघत होते.

"कसम से, नाही," मी म्हटलं.

"सगळे हेच म्हणतात," मागून कोणीतरी बोललं.

मंगळवारी खुर्ची वर आली. दादा पुढे, शेठ मागे, आणि मी फळीला हात लावून बाजूने. दुसऱ्या मजल्यावर एक दार उघडलं, पहिल्यावर दोन. माझ्याकडे कोण कसं बघतंय ते मला न बघताच कळत होतं, मी त्यांच्या जागी असते तर तसंच बघितलं असतं. "वळण, वळण, भिंत सांभाळा," मी ओरडत होते, घाम डोळ्यात जात होता. खाली आल्यावर खुर्ची टेकली तेव्हा ह्यांनी आधी शेठचा हात डाव्या हातात घेतला आणि सोडेचनात. शेठ थांबले, पूर्ण शब्द बाहेर येईपर्यंत थांबले. मग हे माझ्याकडे वळले. तोंड वाकडं करून, जोर लावून म्हणाले,

"भावी... नगरसेविका."

दादा एवढ्याने हसला की वरची दारं पुन्हा उघडली. कितीतरी महिन्यांनी, ह्यांनी काय म्हटलं ते मला कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.