वाकलेली मान

काल मुलीच्या सायकलची सीट घट्ट करायला ड्रॉवरमधून एल आकाराची किल्ली काढली आणि जव्हारचं ते भाड्याचं घर समोर उभं राहिलं. लग्नाआधी हौसेने घेतलेल्या माझ्या गिटारची मान तिथल्या पावसाळी दमटपणाने वाकली होती, तारा इतक्या वर आल्या होत्या की बोटं सोलवटायची. मी मोखाड्याजवळच्या आश्रमशाळेत शिकवायचे आणि पोरी रोज विचारायच्या, "बाई, गिटार कवा आनाल?" म्हणून एका रविवारी सकाळी, भिंतींना कुबट वास मारत असताना, मी तारा सैल केल्या, मान सरळ करणाऱ्या आतल्या सळईला किल्ली लावली आणि जराशी फिरवून थांबले, कारण लाकडाला एक दिवस द्यावा लागतो. नवरा दारात चहा पीत बघत होता. "असं गोंजारत बसलीस तर होळी येईल. दे इकडे." "नको, जोर नाही लावायचा," मी म्हणाले, पण त्याने किल्ली हातातून ओढून घेतली आणि जोरात पिळली. कडकन आवाज झाला, मानेला लांब चीर गेली. तो हसला, "हलकाच माल होता." आतून सासूबाई म्हणाल्या, "सुटलो बाई एकदाचे." दुसऱ्या दिवशी पोरींनी पुन्हा विचारलं तेव्हा मी फळ्याकडे वळले. आता पाहुणे आले की तो कौतुकाने सांगतो, "हिचा हात फार छान होता, पण हिनेच सोडून दिलं." आणि मी पोह्यांच्या बशा पुढे करते.