ग्वाल्हेरचे शर्माजी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नाही, अशी स्वतःची समजूत घालत आलो — तुम्हीही कधी घातली असेलच ना?

माझा धंदा असा, की कंपनीला तिच्या प्रतिस्पर्ध्याची खबर काढून द्यायची. तो काय बनवतो, कुठे कमी पडतो, उद्या काय करणार. मग आपण काय करावं, तेही सांगायचं. हल्ली मी यावर भाषणं देतो. आम्ही उघड माहितीच गोळा करतो, खोटं नाव सांगून कुणाच्या दारात जात नाही — हे तर फार ठसक्यात म्हणतो.

मी गेलो आहे. एकदाच. पण माझं नाव झालं ते त्याच कामामुळे.

झाशीजवळच्या बिजौलीत एक निवृत्त सुभेदार आणि त्यांची बायको कूलर बनवायचे. माणसं साताऱ्याकडची, बबिन्याच्या लष्करी छावणीतली पोस्टिंग संपल्यावर इथेच राहिलेली. त्यांचे कूलर चांगले होते, आणि मी कानपूरच्या ज्या कंपनीत होतो तिच्या ते डोळ्यांत खुपत होते. मी ग्वाल्हेरचा दुकानदार शर्मा बनून, उन्हाळ्यासाठी कूलरची ऑर्डर द्यायच्या निमित्ताने गेलो. हिंदीत बोललो. मी झाशीचाच, घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी. इथल्या मराठी माणसांना परक्यासमोर काही लपवायचं असलं, की ती बिनधास्त मराठीत बोलतात — भाजीवाल्यासमोर, डॉक्टरसमोर. आमच्या घरीही तेच. मला हे ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर — हो, म्हणूनच शर्मा झालो.

काकूंनी चहा ठेवला आणि माझ्यासमोरच नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, एप्रिलमध्ये तुमचं ऑपरेशन. उन्हाळाभर कारखाना बंद राहणार. माणूस भला दिसतोय, ह्याला तरी खरं सांगू या."

सुभेदार नको म्हणाले. मी चहात बिस्किट बुडवत राहिलो.

आठवड्याभरात कंपनीने ही बातमी झाशीच्या सीपरी बाजारातल्या दुकानदारांपासून थेट ललितपूरपर्यंत पोचवली. ऑर्डरी आमच्याकडे वळल्या. ऑपरेशन नीट पार पडलं, पण सुभेदार हिंडू-फिरू लागले तोवर त्यांच्याकडे गिऱ्हाईक उरलं नव्हतं. कारखाना विकला गेला. मला बढती मिळाली. वाईट वाटलं का? तेव्हा नाही. तेव्हा मला आनंद झाला होता, चांगलाच.

काही वर्षांनी इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत काकू दिसल्या. त्यांनीच ओळखलं, हसून विचारलं, "शर्माजी, आप यहाँ?" मी काही बोलणार तेवढ्यात माझ्या मावशीने मागून हाक मारली, आरतीचं तबक आण म्हणून. मी सवयीने म्हणालो, "आलो गं."

काकू हळूच, मराठीत म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी तुम्हाला सगळं कळत होतं."

मी "जी हाँ" म्हणालो. तेवढंच, आणि तेही हिंदीत.