निर्दोष गाडीच्या शोधात

ताज्या रंगाचा वास! भर दुपारी, घाटकोपरच्या एका गॅरेजच्या पत्र्याखाली, तापलेल्या लोखंडावरून उठणारा तो गोडसर, डोक्यात चढणारा वास अजूनही कुठे आला की माझ्या छातीत धडधड सुरू होते. इतरांना त्या वासाने दिवाळीपूर्वीचे घर आठवत असेल; मला आठवते एक शुभ्र, चकचकीत गाडी, आणि दार उघडताच छताच्या कडेला, रंगाऱ्याचा हात जिथे पोहोचला नव्हता तिथे, बोटभर उरलेला पिवळा रंग. टॅक्सीचा पिवळा! काळ्यापिवळ्या वेषात अर्धे आयुष्य या शहराच्या रस्त्यांवर झिजलेली ती वाहनसुंदरी नववधूचा शालू नेसून माझ्यासमोर अधोवदन उभी होती.

“साहेब, डॉक्टरची गाडी आहे,” शिर्के नावाचा दलाल बॉनेट थोपटत म्हणाला. “फक्त रविवारी बाहेर निघायची. एकदम झकास!” त्या डॉक्टरांच्या गाडीला भाड्याच्या मीटरची खिळ्यांची भोके कशी पडली, हे मी विचारले नाही. मी एवढेच विचारले, की गाडी निर्दोष असल्याचे प्रतिज्ञापत्र द्याल काय? “एक काय, दहा देतो! कुठं सही ठोकू, बोला!”

वाचकहो, माझा व्यवसाय तुम्हांस ठाऊक नसावा म्हणून नमूद करतो. अंधेरीच्या कोर्टाबाहेर, पिंपळाखाली, टाइपरायटर मांडून बसणारा मी अर्जनवीस. शिक्षण सातवीपर्यंतच झाले, परंतु माझ्या मसुद्यातील एक शब्द हलवायला मोठमोठे वकील कचरतात, हे पंचक्रोशीत सर्वश्रुत आहे. वेसाव्याच्या कोळीवाड्यात वल्हे टाकून लेखणी उचलणारा माझ्या घराण्यातला मीच पहिला. जे लिहिले गेले तेच घडले आणि जे लिहिले गेले नाही ते वाऱ्यावर गेले, या एका श्रद्धेवर मी संसार केला. मग गाडीसारखी वस्तू तोंडी शब्दावर कशी घ्यावी? ‘सदरहू वाहनात ज्ञात वा अज्ञात असा कोणताही दोष नाही’ हे वाक्य मी स्वतः रचले होते, आणि गाडी दाखवणाऱ्या प्रत्येकापुढे मी ते ठेवत असे.

गाडी मला मिरवायला नको होती. माझी पत्नी हिरा ही मढची लेक. वेसाव्याच्या धक्क्यावर उभे राहिले की खाडीपलीकडे मढ दिसते. वारा अनुकूल असेल तर तिथल्या कुत्र्यांचे भुंकणेही ऐकू येते. पण माणसाच्या आयुष्यात सर्वांत दुर्गम ठिकाण बहुधा डोळ्यांसमोरच असते, नाही का? घसरून पडल्याने हिराचे कमरेचे हाड मोडले आणि ती अरुंद खाडी तिच्यासाठी समुद्र झाली. एकदा चौघांनी खुर्चीसकट उचलून तिला होडीत बसवले. उतरताना लाटेने होडी हिसकली आणि तिला पुन्हा अंथरूण धरावे लागले. रिक्षाचे धक्के डॉक्टरांनी वर्ज्य सांगितले. टॅक्सीवाले मढचे नाव काढताच मान फिरवीत, कारण तिथून परतीचे भाडे मिळत नाही. उरला तो मालाड, मार्वे, आक्सा असा लांबचा वळसा, आणि तो घालण्यासाठी स्वतःचे चारचाकी वाहन. पलीकडे हिराची आई दिवसेंदिवस क्षीण होत होती. मढहून येणाऱ्या मासळीवाल्या बायका टोपलीबरोबर तिची खबर आणीत: काल पेज घेतली, आज नुसती पाण्यावर आहे, हाक मारली तर ओळखते. हिरा ऐके आणि धक्क्याच्या दिशेची खिडकी लावून घेई.

नव्या गाडीसाठी नाव नोंदवावे, तर ती येईतो मुलांची नातवंडे व्हायची, असा तो काळ. म्हणून मी जुन्या गाडीच्या शोधात उपनगरे पालथी घातली. किती विचित्र असतो हा शोध! आपण वस्तू पाहतो असे वाटते, प्रत्यक्षात पाहत असतो माणसे. बोरिवलीच्या गृहस्थाने माझ्या कागदावर हसत हसत सही केली, आणि पहिल्याच चढावर गाडीने निळ्या धुराचा असा लोट सोडला की मागचा सायकलवाला दिसेनासा झाला. चारकोपच्या तरुणाने सही करून वर साक्षीदारही आणून दिला. त्याच्या गाडीच्या पायपुसण्याखालून मला रस्ता दिसला. सह्या भराभर मिळत होत्या, गाडी मिळत नव्हती. रात्री डोळा लागेना. प्रत्येक सकाळ मासळीवालीच्या हाकेने उजाडे, आणि दार उघडताच मी आधी तिचा चेहरा वाचत असे.

मुलुंडचे देवधर हे एकटेच राहणारे निवृत्त गृहस्थ. त्यांची करड्या रंगाची गाडी आंब्याच्या सावलीत उभी होती. रंग उडालेला, पण इंजिन सुरू होताच असा संथ, समाधानी घोष उमटला, की तृप्त गाय रवंथ करते आहे असे वाटावे! मी उत्साहाने कागद पुढे केला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो वाचला आणि परत दिला.

“हे नाही जमायचं.”

“म्हणजे दोष आहे?”

“आहेत की! डावं दार उचलून लावावं लागतं. दुसरा गिअर कधीकधी सुटतो. अजून काही असतील, मला ठाऊक नसलेले. अहो, अज्ञात दोष नाही असं मी माझ्या गुडघ्यांबद्दल लिहून देत नाही, गाडीबद्दल काय देऊ?”

मी ताडकन उठलो. जो लिहून देण्यास कचरतो, त्याच्या मनात काळे असते, हा माझा आजवरचा अनुभवसिद्ध सिद्धान्त! घरी येऊन मी हा वृत्तान्त हिराला सांगितला. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “दोष आहेत म्हणून सांगणारा एकच भेटला तुम्हाला, तर त्याच्याकडूनच उठून आलात?” आणि थोड्या वेळाने, “लग्नात माझ्या बापाकडून घेतलं होतं का लिहून? ही कंबर मोडणार नाही म्हणून?”

त्या रात्री माझ्या अंतःकरणात फार मोठी उलथापालथ झाली. प्रतिज्ञापत्र म्हणजे सत्याची चाळणी, असे मी समजत आलो. पण माझ्या त्या वाक्याला तर केवळ खोटा माणूसच होकार देऊ शकत होता! निर्दोषत्वाची हमी मागून मी प्रामाणिकांना दाराबाहेर काढीत होतो आणि लबाडांना पाट मांडीत होतो. सकाळी मासळीवाली आली ती टोपली न उतरवताच म्हणाली, “हिराबाय, आयसनी डोले उघरलं नाय आज.”

मी कोर्टाकडे न जाता मुलुंड गाठले. आंब्याखाली एक तरुण जोडपे गाडीभोवती घिरट्या घालत होते; नवरा बुटाने टायर दाबून पाहत होता. मी त्या दोघांच्या मधून पुढे घुसलो. देवधर म्हणाले, “आलात? मला वाटलं, स्टॅम्पपेपर आणायला गेलात.”

“घेतली,” मी म्हणालो.

“आणि तुमचा तो कागद?”

“नको.”

नवऱ्याने काही बोलण्याआधीच बायको त्याला म्हणाली, “चल रे, दार तरी कुठे धड लागतंय.” तिचे ते शब्द मला मंगलाष्टकांसारखे वाटले.

त्याच दुपारी, पन्नाशीत वाहन चालवायला शिकलेला मी, हिराला उशांच्या आधाराने शेजारी बसवून निघालो. मालाडच्या गर्दीत दुसरा गिअर सुटला. आक्साच्या वळणावर कसलासा खडखडाट झाला आणि माझे प्राण कानांत आले. “गाडीला काय कान लावून बसलाय? रस्त्याकडं बघा!” हिरा ओरडली. तिच्या मुठी मांडीवर घट्ट आवळलेल्या होत्या. आपण वेळेवर पोहोचतो आहोत का, हा प्रश्न दोघांच्या मध्ये, तिसऱ्या प्रवाशासारखा, निःशब्द बसून होता.

सासूबाई ओटीवर होत्या. डोळे मिटलेले. हिराने वाकून कपाळावर हात ठेवला, “आये, मी.” कितीतरी वेळ काहीच घडले नाही. मग त्या सुरकुतलेल्या पापण्या उघडल्या, लेकीच्या चेहऱ्यावर स्थिरावल्या, आणि ओठ हलले, “उशीर केलास गो.” हिराने त्यांना दोन चमचे पेज भरवली. ती त्यांनी गिळली.

सूर्य कलल्यावर मी परतीची तयारी केली आणि किल्ली फिरवली. गाडीने एक उसासा टाकला आणि ती गप्प झाली. पुन्हा फिरवली, गप्प. आळीतली चार पोक्त माणसे जमली, बॉनेट उघडून आत असे पाहत राहिली जणू होडीत पाणी कुठून शिरते ते शोधत आहेत, आणि मालाडचा मेकॅनिक सकाळीच मिळेल, असा त्यांनी निवाडा दिला. मी ओटीवर येऊन ते सांगितले, तेव्हा सासूबाईंनी हिराचा हात अधिकच घट्ट धरला. “बरा झाला,” त्या पुटपुटल्या. “आता सकालपरत ऱ्हा.”

कमरेच्या दुखण्यानंतर हिरा आईजवळ राहणार होती, ती याच एका रात्री. पुढे आम्ही काही रविवार तिकडे गेलो. मोजके, पण गेलो. निर्दोष वस्तू आपल्याला हव्या तिथे नेते आणि हव्या वेळी परत आणते. जिथे थांबायला हवे तिथे थांबवण्याची विद्या तिच्यापाशी कुठून असणार? आत दोघी हळू आवाजात बोलू लागल्या होत्या. सुक्या बोंबलांच्या वासाने भरलेल्या त्या आळीत, बंद पडलेल्या गाडीच्या पायरीवर मी बसून राहिलो. मेकॅनिकला निरोप गेलाच होता. तो उद्या जरा उशिरा यावा, अशी मी देवाला विनंती केली; तोंडीच.