घड्याळजीचे डोळे आणि थांबलेल्या राण्या

घड्याळजीने दुकान बंद केलं तेव्हा कुणाला काही सांगितलं नाही. भर दुपारी न उघडलेला डबा घेऊन घरी आला आणि उद्यापासून घरीच जेवणार, एवढंच बायकोला म्हणाला. तिला वाटलं, पोट बिघडलं असेल. दोन दिवस तिने त्याला बिनतिखटाचं जेवायला घातलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या शिंप्याकडून कळलं की दुकानाचं शटर खाली आहे आणि किल्ली मालकाकडे गेली आहे.

झालं होतं एवढंच, की एका बायकी घड्याळातली केसासारखी स्प्रिंग त्याला किंचित धूसर दिसली. किंचितच. दुसरा कुणी चष्मा पुसून पुढे कामाला लागला असता. पण याने आपल्या उस्तादाची अखेरची वर्षं जवळून पाहिली होती. उस्तादाची नजर गेली, पण ते सांगायचा धीर कुणाला झाला नाही. गिऱ्हाइकं समोर 'वा, झकास चालतंय' म्हणायची आणि तेच घड्याळ कोपऱ्यावरच्या दुकानात पुन्हा उघडून घ्यायची. म्हातारा त्या 'झकास'वर दहा वर्षं खूश होता. घड्याळजीला त्याची दया यायची, आणि त्याहून जास्त भीती वाटायची. नजर गेली तर गेली, पण लोकांनी आपल्याला गोड बोलून खेळवावं, ही वेळ त्याला येऊ द्यायची नव्हती.

पुढे घरी बसून करायचं काय, म्हणून त्याने परसात मधमाश्यांच्या दोन पेट्या आणल्या. बघता बघता माणूस त्यात पार बुडाला. पेटी म्हणजे त्याच्या लेखी उघडं घड्याळच, फक्त यातले भाग स्वतःहून जागा बदलत. बायकोला माश्यांचं वावडं. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि तिथूनच शेरे मारायची. जाळीची टोपी घातलेला नवरा तिला फार आवडायचा, कारण त्या टोपीत त्याला उलट बोलता येत नाही, असं ती म्हणे.

पेट्या आल्या त्याच दिवशी घड्याळजीने स्वतःला एक नियम घालून घेतला. राणीमाशी मेणाच्या प्रत्येक घराच्या तळाशी एक अंडं घालते. सुईच्या टोकाएवढं, पांढरं, पहिल्या दिवशी ताठ उभं. हे अंडं दिसलं की राणी आहे, पेटी जिवंत आहे. ज्या दिवशी आपल्याला ते दिसणार नाही, त्या दिवशी पेट्या टपालताईला देऊन मोकळं व्हायचं. टपालताई म्हणजे त्या भागात टपाल वाटणारी बाई. तिच्याकडे स्वतःच्या सहा पेट्या होत्या आणि घड्याळजीला या नादाला तिनेच लावलं होतं. नियम एकट्या तिला ठाऊक होता. बायकोला सांगायचं राहून गेलं, म्हणजे त्याने राहू दिलं.

पानगळ सुरू झाली तसा माश्यांवर माइटचा त्रास वाढला. माइट म्हणजे माशीच्या अंगाला गोचिडीसारखी चिकटणारी तांबडी कीड. तिच्यासाठी पेटीत आम्लाच्या पट्ट्या ठेवतात. त्यांचा वास असा, की ठेवणाऱ्याच्याही नाकाला झोंबावा. घड्याळजीने दोन्ही पेट्यांत पट्ट्या ठेवल्या, सात दिवस झाकणाला हात लावला नाही, आणि सातव्या दिवशी पट्ट्या काढताना उन्हाकडे पाठ करून मेणाची घरं बांधलेली एक चौकट वर उचलली.

बंद कोश होते. लठ्ठ पांढऱ्या अळ्या होत्या. मधली घरं मात्र रिकामी. त्याने चौकट तिरकी केली, जवळ आणली, लांब धरली. दुसरी पेटी उघडली. तिथेही तेच.

मोठं ते सगळं दिसत होतं, बारीक ते दिसत नव्हतं. आयुष्यभर यंत्रातला दोष शोधलेल्या माणसाने लगेच हिशेब मांडला. दोन पेट्यांतल्या दोन राण्या एकाच आठवड्यात बिघडतील, की एकाच माणसाचे दोन डोळे? दुसरी गोष्ट जास्त पटण्यासारखी होती. तरी त्याने खात्री करून पाहिली. सुईत दोरा ओवला, तो तिसऱ्या खेपेला गेला. औषधाच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचली, ती वाचता आली. मग त्याला शंका आली की मजकूर आधीपासून पाठ असेल.

आता कुणी म्हणेल, घड्याळजीच ना तो, डोळ्यावर बसवायचं भिंग लावून बघायचं की. पण नियम नुसत्या चष्म्याचा होता. भिंग लावून अंडी बघणं म्हणजे परीक्षेत वही उघडून लिहिणं, असं त्याचं मत. दुकान बंद केल्यापासून भिंग खणात पडून होतं. हट्टी माणसाला हट्ट कुठे सोडायचा हे कळत असतं, तर त्याला हट्टी म्हटलंच नसतं.

मग त्याने तिसरा उपाय केला. दुसऱ्या दिवशी बायकोला बोलावलं. तिची जीभ तिखट. भाजीत मीठ कमी पडलं तर स्वतःच्या हातच्या भाजीलाही ती नावं ठेवायची. सबंध घरात खरं बोलणारं माणूस म्हणून तिच्याएवढा भरवसा त्याला कुणाचाच नव्हता. ती त्याचा जुना ओव्हरकोट आणि जाळीची टोपी घालून, जीव मुठीत धरून, पेट्या आल्यापासून पहिल्यांदा तिथवर आली. त्याने मधल्या घरांकडे बोट दाखवून विचारलं, "यात अंडी आहेत का बघ."

तिने वाकून पाहिलं. "आहेत की. चिकार आहेत," ती म्हणाली आणि भराभर घरात निघून गेली.

घड्याळजी चौकट हातात धरून तसाच उभा राहिला. शेवटी एक माशी हातमोज्याच्या शिवणीतून डसली, तेव्हा कुठे त्याने झाकण लावलं. त्याला रडू आलं नाही, पण रडू यावं तेवढं वाईट वाटलं. त्या दिवशी त्याने टपालताईला निरोप धाडला, की अंडी आहेत पण मला दिसत नाहीत, सुट्टीच्या दिवशी गाडी घेऊन ये आणि पेट्या घेऊन जा. त्यानंतर तो परसात फिरकला नाही. बायको खिडकीतून पेट्यांकडे आणि मग त्याच्याकडे बघायची, पण शेरा एकही मारत नव्हती.

टपालताई आली ती दोर आणि पट्टे घेऊनच. प्रवासाआधी माल बघून घ्यावा म्हणून तिने पहिली पेटी उघडली. एक चौकट पाहिली, दुसरी पाहिली, तिसऱ्या चौकटीला तिने टोपीची जाळीच वर केली.

"काका, कसली अंडी? यात एक अंडं नाही. अळीसुद्धा नाही."

घड्याळजी म्हणाला की असतील, आपल्याला दिसत नाहीत. तिने मान हलवली आणि चौकट त्याच्या नाकासमोर धरली. गेल्या पानगळीत तिच्याकडेही अगदी हेच झालं होतं. या पट्ट्यांच्या वाफेने कधीकधी राणी अंडी घालणं थांबवते. पोट आटून ती कामकरी माशीसारखी बारीक दिसते, इकडेतिकडे पळत राहते आणि शोधून सापडत नाही. टपालताईने तेव्हा राणी मेली असं धरून घाईघाईने नवी राणी आणून सोडली, आणि माश्यांनी त्या नवीला गराडा घालून मारून टाकलं. जुनी आतच होती, दोन आठवड्यांनी पुन्हा कामाला लागली. हे सांगताना तिचा चेहरा अजून पडत होता.

"ही मधली घरं बघा, कशी लखलखीत पुसून ठेवलीत," ती म्हणाली. "कुणीतरी येणार असल्याशिवाय एवढी साफसफाई कोण करेल?"

पण लखलखीत घरांवर विसंबणारा घड्याळजी नव्हे. राणी आहे की नाही, हे नक्की कसं कळायचं? टपालताई म्हणाली, माश्यांनाच विचारू. तिच्या दोन पेट्यांना पट्ट्या लावायच्या बाकी होत्या. दुसऱ्या दिवशी टपाल वाटून झाल्यावर ती तिथल्या अंड्यांच्या दोन चौकटी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली. या चौकटी इथल्या पेट्यांत घालायच्या. राणी नसेल तर माश्या दोन-तीन दिवसांत त्यातल्या एखाद्या अंड्याभोवती नव्या राणीचं लोंबतं घर बांधायला घेतात. राणी असेल तर ढुंकून बघत नाहीत.

तिने फडकं सोडलं आणि चौकट त्याच्या हातात दिली. घड्याळजीने सवयीने उन्हाकडे पाठ केली.

अंडी दिसत होती. घराघरात एकेक. काही उभी, काही कलती. चष्म्याच्या काचेला बोटाचा ठसा लागलेला असूनही दिसत होती. तो बराच वेळ बघत राहिला. टपालताईला वाटलं, काका मोजताहेत.

मग बायको का म्हणाली, आहेत म्हणून?

हा प्रश्न त्याने संध्याकाळी तिलाच विचारला, आणि विचारताना नियमाबद्दलही सगळं सांगावं लागलं. तिने हातातलं काम खाली ठेवलं. पट्ट्या काढल्या त्या दिवशी तो पेटीशी पुटपुटत होता, मीच मारलं का हिला, मीच मारलं का. तिने ते खिडकीतून ऐकलं होतं. त्या दिवशी तो नीट जेवलाही नव्हता. घरं रिकामी आहेत हे तिलाही दिसलं होतं.

"मला वाटलं, तुम्ही राणीचं विचारताय," ती म्हणाली. "डोळ्यांचं विचारताय हे मला काय माहीत? जन्मात एकदा तुमचं मन राखायला गेले आणि तुम्ही पेट्या द्यायला निघालात."

उस्तादाला लोकांनी फसवलं, हे घड्याळजी इतकी वर्षं सांगत आला होता. पण उस्तादाने कधी कुणाला सरळ विचारलं होतं का, हे त्याच्या मनात पहिल्यांदा आलं. त्याने स्वतःही सरळ विचारलं नव्हतं. आणि नजर गेलीच असं ज्याच्यावरून ठरवलं, ते तर त्याच नजरेला अगदी बरोबर दिसलं होतं. जे नव्हतं ते नव्हतं.

तीन दिवसांनी चौकटी वर काढल्या. राणीचं घर कुठेच नव्हतं. माश्यांनी परकी अंडी मुकाट्याने सांभाळली होती. राण्या होत्या. त्यांना घाई नव्हती, एवढंच. टपालताईने आपले दोर परत नेले.

पट्ट्या काढून दोन आठवडे झाले त्या सकाळी घड्याळजीने पहिल्या पेटीतली एक जुनी चौकट उचलली, तिरकी केली आणि खिडकीकडे बघून बायकोला हाक मारली. ती आली. या खेपेलाही ओव्हरकोट आणि टोपी होती, पण हातमोजे ती विसरली होती. त्याने माश्या झटकून चौकट दाराशी नेली.

"माझे डोळे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "तुला काय दिसतं? मन राखू नकोस."

तिने टोपी काढली, डोळे बारीक केले, चौकट पुढेमागे केली. "काहीच नाही," ती म्हणाली. "रिकामी घरं आहेत नुसती."

घड्याळजी इतका खूश झाला की अंड्यांचा आनंदही मागे पडला. आत जाऊन त्याने खण उघडला, भिंग सदऱ्याने पुसलं आणि तिच्या डोळ्यावर कसं बसवायचं ते दाखवलं. ते दोनदा खाली पडलं. तिसऱ्यांदा बसलं, तेव्हा ती चौकटीवर वाकली.

"उभं आहे हो," ती हळूच म्हणाली. "पलीकडे दुसरं आहे. ते जरा कललंय."

"कललेलं कालचं," तो म्हणाला. "पुढे कधी मला दिसेनासं झालं, तर तू सांगशील?"

"तोंडावर सांगेन. तुम्ही फक्त काय विचारताय ते नीट विचारा."

त्याने चौकट परत पेटीत ठेवली. भिंग मात्र तिने परत दिलं नाही, ओव्हरकोटाच्या खिशात टाकलं आणि दुसऱ्या पेटीचं झाकण कधी उघडणार म्हणून विचारलं.