डीलिया टायनीनं न उघडलेली खिडकी

किलमोरन गावात कुणी गेलं की डीलिया टायनीला बोलावणं यायचं. चाळीस वर्षं तिनं गावातल्या प्रेतांना आंघोळ घातली, पापण्या मिटल्या, आरशांवर चादरी टाकल्या. पण सगळ्यांत आधी ती खिडकी उघडायची, जाणाऱ्याला वाट हवी म्हणून. त्या वेळी पलंग आणि खिडकीच्या मधे कुणी उभं राहायचं नाही. राहिलं तर जाणारा त्याच्यातच अडकतो.

एकदाच तिनं खिडकी उघडली नव्हती. मास्तरांची बायको ब्रिजिड क्षयानं गेली, त्या सकाळी बाहेर बर्फाचा पाऊस तिरका झोडपत होता, आणि तापानं फणफणलेली सात वर्षांची ऊना आईच्या कुशीतच झोपली होती. डीलियाचा हात चौकटीपर्यंत गेला. हिला वारा लागला तर हीही जायची, असं वाटून तिनं तो मागे घेतला. मास्तरांनी विचारलं तेव्हा मात्र खिडकी उघडून परत लावली, असं म्हणाली.

ऊना पुढे मोठी लेखिका झाली. तिच्या प्रत्येक पुस्तकात बंद खोलीत फिरणारी, कुणाला न दिसणारी एक बाई असायची. रेडिओवर कुणी ते वाचायला लागलं की डीलियाच्या हातातला चहा तसाच गार व्हायचा.

आता मास्तरांचं घर ऊनाच्या नावानं लोकांना पाहायला खुलं होणार होतं. साठीची ऊना सामान आवरायला आली, तशी ऐंशी ओलांडलेली डीलिया काठी टेकत पोचली. मरण्याआधी तिला ती खिडकी उघडायची होती.

"कोण गेलं, डीलियामावशी?" ऊनानं दारातच थट्टा केली. "तू उगाच कुणाच्या घरी येत नाहीस."

"तुझ्या आईसाठी आलेय."

वरच्या खोलीत, ब्रिजिड गेली त्याच पलंगापाशी, डीलियानं सगळं सांगून टाकलं.

"त्या सकाळी मी जागी होते," ऊना म्हणाली. "तू उघडू नयेस म्हणून मेरीमातेची प्रार्थना करत होते."

डीलिया मटकन पलंगावर बसली आणि लगेच उठली, कुणाच्या तरी अंगावर बसल्यासारखी.

खिडकीचं वर सरकणारं तावदान रंगाच्या थरांनी चौकटीला चिकटून गेलं होतं. डीलियानं पिशवीतली सुरी कडेनं फिरवली आणि तावदान वर ढकललं. गार वारा आत शिरला. ती सवयीनं भिंतीला लागून उभी राहिली. वळून बघते तर ऊना पलंग आणि खिडकीच्या मधोमध, तोंड पलंगाकडे करून उभी.

"बाजूला हो, पोरी. जाऊ दे तिला."

ऊना हलली नाही. तिनं हात जरासे पुढे केले होते, कुणाला तरी कुशीत घ्यावं तसे.

डीलियानं तिचं मनगट धरून ओढलं. त्या गारठ्यातही मनगट चटका बसावा इतकं तापलं होतं, त्या सकाळसारखंच.

हिला वारा लागला तर... डीलियाच्या मनात पुन्हा तेच आलं. मग तिनं काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हातांनी खिडकी पुन्हा खाली ओढली.